पहिली ते चौथीच्या मुलांना इंग्रजी बोलायला, वाचायला, लिहायला कसे शिकवावे

तिसरीतले मूल "सी-ए-टी कॅट" घडाघडा म्हणते. फळ्यावर "एम-ए-टी" लिहिले की गप्प बसते. त्याला वाचता येत नाही, त्याला कविता पाठ आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी खेड्यातल्या अनेक वर्गांत अजून हेच चित्र दिसते.

कारण साधे आहे. मराठीत अक्षराचे नाव आणि आवाज एकच: क म्हणजे क. इंग्रजीत तसे नाही. "एच" या नावात ह कुठेच ऐकू येत नाही, "डब्ल्यू" या नावात व नाही. सी, ए, टी ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यातून "कॅट" निघत नाही. म्हणून मुलाला नावांच्या आधी आवाज द्यायचे, आणि आवाजांच्याही आधी बोलणे.

पहिली: वर्षभर कान आणि तोंड

पहिलीत इंग्रजी अक्षरे ओळखीपुरतीच ठेवा. मराठी बाराखडी पक्की होईपर्यंत दुसरी लिपी लादू नये, कारण पुढची सगळी पद्धत त्या बाराखडीवरच उभी आहे.

रोज १५ मिनिटे बोलणे घ्या. सुरुवात हुकमांनी करा: स्टँड अप, सिट डाऊन, टच युवर नोज, ओपन द डोअर. पहिले तीन-चार दिवस तुम्ही म्हणा आणि स्वतः करून दाखवा, मुलांनी फक्त तुमच्याबरोबर करावे. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणा, पण करू नका. मुले करतात का पाहा. ऐकून अंगाने उत्तर देण्याची ही पद्धत जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडली. बुजऱ्या मुलासाठी ती फार चांगली, कारण त्याला तोंड उघडायची सक्ती नसते आणि तरी समजल्याचे दाखवता येते.

दोन आठवड्यांनी वाक्याचे साचे सुरू करा, आठवड्याला एकच साचा: आय हॅव अ पेन. आय कॅन जंप. आय लाईक मँगो. साचा तोच, शेवटचा शब्द मुलाने बदलायचा. त्यासाठी लागणारे शब्द गावात आधीच आहेत: बस, बॅग, पेन, कप, बॅट, पंप, पाईप, मोटर, टॉर्च, ट्रॅक्टर. मुलांकडूनच यादी काढून घ्या. आपल्याला इतके इंग्रजी शब्द येतात हे कळल्यावर अर्धी भीती तिथेच जाते.

एकसुरात सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेण्याचा फार मोह होतो. आवाज मोठा येतो, पण त्यात पाच-सहा मुले नुसते ओठ हलवत असतात. त्यापेक्षा जोड्या करा: एकाने विचारायचे "व्हॉट डू यू हॅव?", दुसऱ्याने दप्तरातली वस्तू दाखवून सांगायचे. शिवाय रोज प्रत्येक मुलाकडून एक वाक्य एकट्याने घ्या. २४ मुलांना प्रत्येकी १५ सेकंद दिले तर ६ मिनिटे लागतात.

मूल चुकले की मध्येच थांबवू नका. "आय गोइंग बाजार" म्हणाले, तर हसतमुखाने "येस, यू आर गोइंग टू द बाजार" म्हणा आणि पुढे चला. बरोबर वाक्य कानावर पडले, एवढे पुरे. "आय मँगो ईट" ही चूक तर मराठीचीच रचना आहे, क्रियापद शेवटी. ती नियम सांगून जात नाही, साचा शंभरदा बोलून जाते.

मेळघाटातले कोरकू, भामरागडचे माडिया, यवतमाळकडचे कोलाम मूल शाळेत येते तेव्हा मराठीही त्याला नवीन असते. त्याच्यासाठी इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ म्हणजे एका कोड्याला दुसरे कोडे. वस्तू हातात द्या, कृती करून दाखवा आणि त्याच्या भाषेतला शब्द त्याच्याच सोबत्याला सांगू द्या.

दुसरी: पाय मोडलेले आवाज

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. पहिले दोन आठवडे बोलण्याची उजळणी घ्या. मग आठवड्याला दोन अक्षरे. क्यू आणि एक्स मागे ठेवले तर २४ अक्षरांना १२ आठवडे लागतात, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास काम आटोपते. ही घाई मुद्दाम आहे. त्यानंतर कापूस वेचणीला जोर येतो आणि खाडे वाढतात.

ए-बी-सी-डी हा क्रम इथे सोडा. पहिली सहा अक्षरे घ्या: एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यावरच सॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, पॅन, सिप असे डझनावारी शब्द होतात आणि तिसऱ्या आठवड्यात मूल खरोखर वाचू लागते. त्यानंतर सी, के, ई, एच, आर, एम, डी. मग जी, ओ, यू, एल, एफ, बी, आणि शेवटी उरलेली.

आवाज देताना पाय मोडलेले अक्षर द्या: प्, ट्, स्. "पऽ-ॲ-टऽ" म्हटले तर जोडताना "पॅट" होत नाही. जोडाक्षरांमुळे मुलांना पाय मोडणे माहीत असते, तोच शब्द वापरा.

पाचखडी

आपल्या मुलांच्या हाती बाराखडीचे हत्यार आधीच आहे. इंग्रजीच्या पाच स्वरांची पाचखडी करा. बी ला ए, ई, आय, ओ, यू क्रमाने लावा: बॅ, बे, बि, बॉ, ब. यू ची मात्रा दिसत नाही, नुसता ब. मग शेवटी जी चा ग् जोडा: बॅग, बेग, बिग, बॉग, बग. पाचही खरे शब्द आहेत. रोज एका व्यंजनाची पाचखडी पाटीवर लिहून मोठ्याने वाचवून घ्या. सुटे तीन आवाज जोडण्यापेक्षा "बॅ" आणि "ग्" हे दोन तुकडे जोडणे मराठी मुलाला सोपे जाते, कारण मात्रेसकट अक्षर वाचायची त्याला सवय असते. पुट, पुश असे शब्द या नियमात बसत नाहीत. ते भेटले की तसे सरळ सांगा.

चार आवाजांकडे लक्ष द्या. एफ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, फळातला फ दोन्ही ओठांनी होतो. झेड चा आवाज झाडातल्या झ च्या जवळचा, जे चा जिभेतल्या ज चा. व्ही ला दात लागतात, डब्ल्यू ला ओठ गोल होतात. आणि "इस्टँड", "इस्कूल" म्हणणाऱ्या मुलाला आधी सापासारखा लांब स्स्स्स काढायला लावा, मग त्याला "टँड" जोडायला सांगा. दोन-चार दिवसांत इ गळून पडतो.

प्रगती तपासायला न शिकवलेले दहा शब्द द्या. त्यात "टिस", "नॅम" असे निरर्थक शब्दही घाला, कारण ते पाठ असणे शक्य नाही. आठ बरोबर आले तर पुढचा गट, नाही तर आणखी एक आठवडा तोच. रोज दोन मुले तपासली की दोन आठवड्यांत वर्ग होतो.

वाचताना सर्वांत मोठा घोटाळा

पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून देणे आजच बंद करा. पालक प्रेमाने लिहून देतात, पण मुलाचे डोळे इंग्रजी ओळीवर जातच नाहीत. ते मराठीच वाचत असते. लिहिलेले असेल तर कोऱ्या कागदाच्या पट्टीने ती ओळ झाका आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सांगा.

द, टू, यू, सेड, वॉज असे नियमात न बसणारे शब्द आठवड्याला तीनच घ्या आणि पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. एस-एच, सी-एच, टी-एच या जोड्या दिवाळीनंतर. शेवटचा मुका ई तिसरीत घ्या: तो स्वतः बोलत नाही, पण मागच्या स्वराला त्याचे नाव म्हणायला लावतो. कॅप चे केप, पिन चे पाईन, हॉप चे होप.

वाचनासाठी बिस्किटाचे पुडे, बसची पाटी, जुने कॅलेंडर चालते. फवारणीच्या औषधाचे डबे आणि पाकिटे मात्र रिकामी असली तरी वर्गात आणू देऊ नका.

लिहिणे: लटकायचे नाही, बसायचे

मराठी अक्षर रेघेला लटकते, इंग्रजी अक्षर रेघेवर बसते. हे न सांगितल्यामुळे मुले चार रेघी वहीत वरच्या रेघेपासून अक्षर सोडतात आणि जी, पी, वाय सगळी अधांतरी राहतात. बसायची रेघ म्हणजे वरून तिसरी. आठवडाभर फक्त ती रेघ रंगीत पेन्सिलीने गिरवून द्या. बी, डी, एच वर डोके काढतात. जी, पी, वाय खाली पाय सोडतात. ए, सी, ई मधल्या घरात मावतात.

अक्षरे वळणाप्रमाणे शिकवा: सी, ओ, ए, डी, जी एका वळणाची, आर, एन, एम, एच दुसऱ्या. आधी वाळूत किंवा पाटीवर बोटाने, मग वहीत. लहान लिपी आधी, मोठी नंतर. बी आणि डी यांत किमान तीन आठवडे अंतर ठेवा, एकत्र शिकवले की वर्षभर उलटसुलट होतात. मराठीत शिरोरेषा तुटली की शब्द संपला हे दिसते. इंग्रजीत ती खूण नाही, म्हणून दोन शब्दांत एक बोट जागा.

फळ्यावरून दहादा उतरवणे हे लेखन नव्हे, चित्र काढणे आहे. रोज पाच शब्द आणि एक वाक्य श्रुतलेखन घ्या. शब्द हळू म्हणा, मुलाने आवाज बोटांवर मोजावेत, मग लिहावे. तिसरीत स्वतःची तीन वाक्ये आली पाहिजेत. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात लाकडी बैल समोर ठेवा: दिस इज माय बुल. इट इज रेड. इट हॅज टू हॉर्न्स. चौथीत पाच.

दोन शिक्षकांची शाळा

शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. बोलण्याची १५ मिनिटे दोन्ही इयत्तांना एकत्र घ्या. पुढची २० मिनिटे दुसरीला अक्षरे, तोवर पहिलीला चित्र काढून त्यातल्या वस्तूंची नावे एकमेकांना सांगायला द्या. तिसरी-चौथीत चौथीच्या मुलाने तिसरीच्या मुलाचे श्रुतलेखन घ्यावे.

घरी इंग्रजी कोणाला येत नसले तरी अडत नाही. आजीने पाच मिनिटे शेजारी बसून "बोट ठेवून वाच" एवढेच म्हणावे.

वेचणीला किंवा आईवडिलांबरोबर बाहेरगावी गेलेल्या मुलासाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड करा. त्यावर आलेली अक्षरे, वाचता आलेले दहा शब्द आणि तारीख लिहा. मूल जानेवारीत परतले की कार्डावरचे शब्द वाचवून घ्या आणि ते जिथे अडेल तिथून शिकवायला लागा. वर्ग कुठवर गेला आहे ते त्याच्यासाठी बाजूला ठेवा. रोज १० मिनिटे वेगळी पाचखडी घ्या आणि बोलण्याच्या वेळी त्याला सगळ्यांबरोबर बसवा.