पाच स्पीकर लावले तरी गाणं समोरूनच येतंय? जुनं रॉक सराउंडमध्ये ऐकताना या चुका टाळा

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर कोणाच्या तरी गॅलरीत उभं राहून ढोल ऐकायचे ही एक गोष्ट, आणि खाली पथकाच्या मधोमध सापडायचं, एका बाजूला ताशे, पाठीमागे ढोल, कानाशी टोल, ही वेगळी गोष्ट. स्टिरिओ म्हणजे ती गॅलरी आणि सराउंड मिक्स म्हणजे खाली मधोमध. त्या मधोमध बसायच्या हौसेपायी मी अँप (म्हणजे सराउंडचा ॲम्प्लिफायर) घेतला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर घेतला, पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची 2003 सालची एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी मिळवली (जेम्स गथ्रीचं 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचं मिक्स असलेली), आणि तीन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून "बघ, काय सराउंड आहे" असं ऐकवत राहिलो.

मग एक दिवस मामेभाऊ आला, पाणी प्यायला उठला आणि जाता जाता मागच्या स्पीकरला कान लावून म्हणाला, "दादा, याच्यातून पण समोरचंच गाणं येतंय की रे."

खरंच तेच येत होतं. मी प्लेअर ऑप्टिकल केबलने जोडला होता. ऑप्टिकलमधून एकतर साधं दोन चॅनलचं पीसीएम (सीडीसारखा कॉम्प्रेस न केलेला डिजिटल आवाज) जातं नाहीतर कॉम्प्रेस केलेलं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस, एसएसीडीचा स्वतःचा सहा चॅनलचा डिजिटल सिग्नल, ज्याला डीएसडी म्हणतात, तो त्यातून जातच नाही. डिस्क होती हायब्रिड, म्हणजे तिच्यात साध्या सीडीचाही एक थर असतो, प्लेअर गुपचूप तो थर वाजवत होता आणि अँप 'मल्टी चॅनल स्टिरिओ'वर होता म्हणून तेच दोन चॅनल पाची स्पीकरमधून ओरडत होते. तीन महिने!

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, आपण सराउंड मिक्स ऐकतोय की नाही हे न तपासताच मत देऊन मोकळं व्हायचं. "जुनी गाणी सराउंडमध्ये नाही रे मजा येत" म्हणणारे मला जेवढे भेटलेत त्यातल्या निम्म्यांनी ते मिक्स ऐकलेलंच नसतं असा माझा अंदाज आहे. तपासायची पद्धत मामेभावाची. उठा, मागच्या स्पीकरला कान लावा. समोरचं अख्खं गाणं जसंच्या तसं तिथे वाजत असेल तर काहीतरी गंडलंय. त्याच अल्बममधल्या 'मनी'च्या सुरुवातीला गल्ल्याचे आणि नाण्यांचे आवाज आहेत ते खऱ्या मिक्समध्ये खोलीभर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरतात. 'टाइम'मधली घड्याळं मात्र चाचणीला घेऊ नका, ती खोट्या सराउंडमध्ये पण सगळीकडून वाजतात आणि आपण फसतो, मी फसलो तसे. गंमत म्हणजे त्या घड्याळांचं रेकॉर्डिंग इंजिनिअर ॲलन पार्सन्सने मुळात क्वाड्राफोनिकचा डेमो म्हणूनच केलं होतं, म्हणजे हा अल्बम चार स्पीकरच्या नादात 1973 पासूनच आहे, त्याचं क्वाड मिक्सही पार्सन्सनेच केलं. तेव्हा ते क्वाड प्रकरण चाललं नाही कारण एसक्यू, क्यूएस आणि सीडी-4 अशा तीन पद्धती आणि एकाची रेकॉर्ड दुसऱ्याच्या यंत्रावर नीट वाजेना, गिऱ्हाईक वैतागलं.

दुसरी खूण अँपच्या डिस्प्लेवर. तिथे 'मल्टी चॅनल', 'डीएसडी', 'डीटीएस-एचडी', 'ट्रूएचडी' किंवा 'ॲटमॉस' असं काही, म्हणजे सराउंडच्या एखाद्या पद्धतीचं नाव, दिसायला हवं. 'डॉल्बी सराउंड' दिसलं म्हणून खूश होऊ नका. नाव फसवं आहे, बहुतेक नव्या अँपवर त्याचा अर्थ साध्या स्टिरिओला ताणून पसरवलंय एवढाच होतो. रिमोटवरचं इन्फो बटण दाबा, आत येणारा सिग्नल किती चॅनलचा आहे ते दिसतं.

वायर, मेनू आणि बाकीची कटकट

प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीतून अँपला, ही जोडणी आपल्याकडे घरोघरी असते कारण टीव्हीवाला मुलगा तशीच करून जातो. ती मोडा. प्लेअर थेट अँपला एचडीएमआयने जोडा आणि अँपमधून टीव्हीला. टीव्हीतूनच न्यायचं असेल तर ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून अँपकडे उलटा पाठवणाऱ्या एआरसीची सुधारित आवृत्ती) लागतं, साध्या एआरसीतून स्ट्रीमिंगचं ॲटमॉस येतं पण ब्लू-रेचं ट्रूएचडी येत नाही. केबल तापकीर गल्लीतून साधी चांगली घ्या, सोन्याचा मुलामा वगैरेला भुलू नका.

मग डिस्कचा मेनू. बऱ्याच म्युझिक ब्लू-रे आपोआप स्टिरिओवर सुरू होतात, 5.1 आपण निवडायचं असतं. एसएसीडी प्लेअरच्या सेटिंगमध्ये पण टू चॅनल की मल्टी चॅनल असा पर्याय असतो. डीव्हीडी-ऑडिओ साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर तो फक्त डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा भाग वाजवतो, ते 5.1 असतं पण लॉसलेस (मूळ आवाजातलं काही न गाळलेलं) नसतं. आणि ब्लू-रे प्लेअरमधलं 'सेकंडरी ऑडिओ' की काय ते बंद करा, ते चालू राहिलं तर ट्रूएचडी बाहेरच येत नाही, मला हे शोधायला एक अख्खा रविवार लागला.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी: ॲपल म्युझिकने ॲटमॉस 2021 च्या जूनमध्ये आणलं, पण सेटिंगमध्ये ते चालू आहे का ते बघा आणि अल्बमच्या पानावर डॉल्बी ॲटमॉसची खूण आहे का ते बघा, एकाच अल्बमच्या चार-चार आवृत्त्या पडलेल्या असतात. आणि कृपया, यूट्यूबवरचं '8डी ऑडिओ' म्हणजे सराउंड मिक्स नव्हे. कोणीतरी स्टिरिओ फाईल घेऊन डावीकडून उजवीकडे गरागरा फिरवलेली असते आणि वर थोडा एको. मूळ टेपशी त्याचा काडीचा संबंध नाही.

गायक गायब

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बँड वाजतोय, कोरस येतोय पण मुख्य गायक एकतर नाहीच किंवा शेजारच्या घरातून गातोय असा लांबून. कारण साधं आहे, बऱ्याच मिक्समध्ये मुख्य आवाजाचा मोठा भाग सेंटर चॅनलमध्ये, म्हणजे समोरच्या मधल्या स्पीकरसाठी, असतो. तुमच्याकडे सेंटर स्पीकर नसेल आणि अँपमध्ये तो आहे असं लिहिलेलं असेल तर अँप इमानदारीत गायकाला न लावलेल्या स्पीकरकडे पाठवतो. सेटिंगमध्ये सेंटर 'नन' करा, आवाज समोरच्या दोघांत वाटला जाईल. स्पीकर असेल पण टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला, पुढे सेट टॉप बॉक्स आणि गणपतीची मूर्ती, तर त्याला कडेपर्यंत पुढे ओढा आणि थोडा वर, कानाकडे तोंड करून तिरका ठेवा.

सगळं असून पोकळ, डोक्यात कसंतरी होईल असं वाजत असेल तर वायर बघा, एखाद्या स्पीकरची लाल-काळी उलटी लागलेली असते.

सोफा भिंतीला, स्पीकर छताला

पुण्यातला हॉल म्हणजे दहा बाय पंधरा, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला आणि फर्निचरवाल्याने मागचे स्पीकर पीओपीच्या कोपऱ्यात टांगलेले. सिनेमाला हे चालून जातं, तिथे मागून पाऊस आणि हेलिकॉप्टर येतं. पण या रॉक मिक्समध्ये मागून अख्खी गिटार येते, ऑर्गन येतो, मागचे स्पीकर बाकीच्यांच्या बरोबरीचे असतात. ते छताला असले की गिटार पंख्यातून वाजते.

मोजमाप असं: तुम्ही आणि समोरचे दोन यांचा समभुज त्रिकोण (म्हणजे मधल्या रेषेपासून 30-30 अंश), आणि मागचे दोन 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपासून जरासेच मागे, कानाच्या उंचीला. सुतळी घेऊन मोजा, ॲप वगैरेची गरज नाही. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, घरात दोन दिवस कुरकुर होईल. जागाच नसेल तर मागचे स्पीकर सरळ बाजूला, कानाच्या रेषेत ठेवा, छतापेक्षा ते शंभर पटीने बरं.

अंतर सारखं नसेल तर अँपमध्ये भरा. आवाज एका सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद, त्यामुळे एक स्पीकर कानाशी आणि एक तीन मीटरवर असला की ड्रम फाटल्यासारखा होतो. ऑटो कॅलिब्रेशन (अँप माईकने स्पीकरची अंतरं आणि पातळ्या स्वतःच मोजून जुळवतो ते) करा पण माईक उशीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, पंखा बंद, आणि कुकर लावलेला नसताना. माझ्या पहिल्या कॅलिब्रेशनमध्ये तीन शिट्ट्या आहेत. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते मोजपट्टीने 'दुरुस्त' करू नका, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो.

अँपच्या सेटिंगमध्ये छोट्या स्पीकरना 'लार्ज' ठेवणं ही पण नेहमीची चूक. या मिक्समध्ये बेस गिटार कुठल्याही चॅनलमध्ये असू शकते, छोट्या डब्याला ती झेपत नाही आणि नुसती हरवते. 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ, म्हणजे खालचं सगळं सबकडे जाईल. मग सब वाढवायचा मोह होतो, तो आवरा, फरशीचा हॉल आधीच घुमतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, टणटण ऐकू आलं तर आधी सतरंजी आणि जाड पडदे.

मिक्सला शिव्या घालण्याआधी

ॲटमॉसवाली आवृत्ती लावली आणि मेलेली वाटली? तिची पातळी ठरवून -18 एलयूएफएसच्या (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं माप) आसपास ठेवलेली असते, नव्या रीमास्टर केलेल्या सीडीपेक्षा ती बरीच हळू वाजते. आवाज वाढवा आणि मग तुलना करा. अँपमधला नाइट मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम बंद. 5.1 ची फाईल साध्या हेडफोनवर ऐकून निकाल देणं म्हणजे थाळीचा फोटो बघून चव सांगणं.

काही तक्रारी खऱ्याही असतात. बीटल्सने 'सार्जंट पेपर' हा अल्बम 1967 साली चार ट्रॅकच्या मशीनवर केला, ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि पुढे जायचे. 2017 च्या मिक्ससाठी निर्माता जाइल्स मार्टिन त्या एकत्र करण्याआधीच्या टेपवर गेला म्हणून वाद्यं वेगळी करता आली. त्यांच्याच 'रिव्हॉल्वर'ला 2022 मध्ये एकाच ट्रॅकमध्ये चिकटलेली वाद्यं सॉफ्टवेअरने सुटी करावी लागली. म्हणजे जुन्या टेपमध्ये जे मुळात सुटं नाही ते सुटं केल्याशिवाय मागे नेता येत नाही, आणि काही मिक्स करणारे मग उगाच टाळ्या-खंजिरी मागे फेकून देतात. मला ते नाही आवडत. जुन्या अल्बमची नवी मिक्स करणाऱ्या स्टीव्हन विल्सनने किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस या बँडची जी कामं केलीत ती मला जास्त पटतात कारण तो आधी मूळ स्टिरिओ मिक्स जसंच्या तसं उभं करतो आणि मगच पसरवतो, गाण्याचा स्वभाव बदलत नाही. येसचा 'क्लोज टू द एज' 2013 वाला पहिल्यांदा नीट लावला तेव्हा सुरुवातीचे पक्षी आणि पाण्याचा आवाज ऐकून बायको गॅलरीचं दार लावायला उठली होती.

दुपारी एक ते चार मात्र ऐकू नका. खालच्या काकूंनी कॅलिब्रेशनच्या दिवशीच वर येऊन विचारलं होतं, "हे पिपाणीसारखं काय चाललंय, आणि किती वेळ?"