आधी विलाप, मग आशा: स्तोत्र १३ च्या आधाराने प्रार्थना कशी करावी

घरातले माणूस जाते, आजार हटत नाही, विश्वासातला कुणी दगा देतो. अशा वेळी सांत्वनाला आलेले बहुतेक जण म्हणतात, "प्रभूची स्तुती कर, आभार मान." हेतू चांगलाच असतो, पण पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, क्रम असा नाही. त्यातल्या १५० स्तोत्रांपैकी (प्रार्थनागीतांपैकी) सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत आणि त्यांत आधी तक्रार येते, भरवसा मागाहून येतो. तक्रार गिळून थेट स्तुतीवर उडी मारली की ओठ हलतात आणि मन बाहेरच राहते. अशी प्रार्थना हळूहळू बंद पडते.

याच क्रमाने वहीत प्रार्थना लिहायची आहे. सुरुवात मात्र वहीपासून करू नका, आधी शरीराकडे पाहा. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाशी बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर होते. दोन दिवस धड जेवण नसेल, झोप नसेल, तर आज तेवढेच सावरा.

आता स्तोत्र १३ उघडा. सहाच वचने आहेत, म्हणून थकलेल्या मनालाही ती पेलतात. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणे आहे, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणे. हे स्तोत्र मोठ्याने, सावकाश दोनदा वाचा. मग याच तीन भागांत स्वतःची प्रार्थना लिहा. वीस मिनिटे पुरतात. झोपण्याच्या अगदी आधीची वेळ टाळा. जखम तेव्हा उघडली की रात्र तळमळत जाते.

पहिला भाग तक्रारीचा. इथे एकच नियम कडक पाळा: देवाला "तू" म्हणा. "देवाने असे का केले" हे देवाच्या पाठीमागे बोलणे झाले. "तू असे का केलेस" ही प्रार्थना आहे, कारण तुमचे तोंड अजून त्याच्याकडेच आहे. चार-पाच ओळी पुरेत, पण त्या नेमक्या असाव्यात. "मला फार त्रास होतो" यात हाताला काही लागत नाही. "फोन वाजला की छाती धडधडते, आणि तू गप्प आहेस" असे लिहा. राग आला तर तोही लिहा. अशाने अविश्वास ठरतो, ही भीती अनेकांना अडवते. वधस्तंभावर प्रभू येशूने स्तोत्र २२ चा पहिला प्रश्नच उच्चारला: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आणि मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवायला निघालेला असतानाही येशू रडला. पुढचे ठाऊक होते म्हणून त्याने अश्रू टाळले नाहीत.

दुसरा भाग मागण्याचा. एकच गोष्ट मागा, आजच्यापुरती. "सगळे नीट कर" हे मागणे इतके मोठे असते की उत्तर आले तरी ओळखता येत नाही. "आजची दुपार पार पडू दे" हे संध्याकाळी तपासता येते. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (सतत छळणारा त्रास) निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. तेव्हा तेच तेच मागण्याची लाज नको, आणि नकार आला म्हणजे आपला विश्वास कमी पडला असेही मानू नका.

तिसऱ्या भागात सर्वांत जास्त चूक होते. नसलेला आनंद कागदावर उतरवू नका. पूर्वी देवाने केलेली एक गोष्ट आठवून लिहा. विलापगीताचा कर्ता ३:२१ मध्ये नेमके हेच करतो: एक गोष्ट मनात आणतो आणि तिच्यावर आशा टेकवतो. दोन अध्याय शोक झाल्यावर हे येते, आणि त्यापुढेही शोक सुरूच राहतो. काहीच आठवत नसेल तर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते शास्त्रात आहे. शब्दच फुटत नसतील तर नुसते बसा. रोमकरांस पत्र ८:२६ सांगते की पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

हे एकट्याने फार दिवस ओढू नका. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका विश्वासू माणसाला आठवड्यातून एकदा बोलवा आणि आधीच सांगा: "उत्तर देऊ नका, ऐका, मग स्तोत्र वाचा." सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरोबर होते. कारणे सांगू लागले तिथे बिघडले. रविवारी गीत गाता येत नसेल तर बसून राहा, इतरांना तुमच्या वाटचे गाऊ द्या.

दुःख कुणी मुद्दाम दिले असेल तर क्षमेची घाई करू नका. क्षमा म्हणजे सूड देवाच्या हाती सोडणे. पुन्हा विश्वास टाकणे वेगळे. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांना ओळख देण्याआधी पारखले. मारहाण किंवा छळ चालू असेल तर आधी सुरक्षित अंतर, मग बाकीचे. "क्षमा केलीस ना, मग परत जा" असा आग्रह कुणीही धरला, पाळकांनीसुद्धा, तरी तो मानू नका.

आणि जगणे नकोसे वाटू लागले, मरणाचे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे जा, एकटे राहू नका. लूक वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता. औषध घेणे हा विश्वासाचा पराभव नाही.

तीन-चार आठवड्यांनी वहीची जुनी पाने उलटा. रडू थांबले का हे मोजू नका. शिष्य थोमाला दिसलेल्या पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर व्रण होतेच. मागण्याच्या ओळीत दुसऱ्या कुणाचे नाव येऊ लागले आहे का, हे पाहा. कोरी सोडलेली एखादी जागा आता भरता येते का, तेही पाहा. वर्षश्राद्धासारखी जड तारीख आधीच वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी नवे काही लिहू नका. स्तोत्र १३ वाचा आणि पहिले पान त्याच्या शेजारी उघडे ठेवा.