दोरीतून मध्यम तंतू: पेशीच्या सांगाड्याची प्रतिकृती कशी करावी

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत जनावरांच्या दाव्यांसाठी मिळते तसली, करंगळीएवढी जाड सुती दोरी या कामाला उत्तम. मणी ओवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ॲक्टिन आणि सूक्ष्मनलिका हे पेशीच्या सांगाड्यातले दुसरे दोन धागे गोलसर प्रथिनांचे बनतात, तिथे मणी शोभतात. मध्यम तंतूंची प्रथिने मुळातच लांबट, दोरीसारखी असतात आणि त्यांचा चिवटपणा त्यातूनच येतो.

1 नॅनोमीटरला 1 सेंटिमीटर असे प्रमाण धरून व्हिमेंटिन या प्रथिनाचा मध्यम तंतू करू. गोंड्यांची जागा सोडून 46 सेंटिमीटरचे 32 तुकडे कापावेत. हा रेणूचा मधला, सुमारे 310 अमिनो आम्लांचा सर्पिल दांडा. प्रत्येकाच्या एका टोकाला डोके म्हणून लाल गोंडा आणि दुसऱ्याला शेपटी म्हणून निळा गोंडा बांधावा.

दोन तुकडे लालशी लाल जुळवून एकत्र पिळावेत. प्रत्येक पेडाचे तीन पूर्ण वेढे पुरतात. पीळ डावा हवा, म्हणजे दोरी उभी धरल्यावर समोरचे पेड खालच्या उजवीकडून वरच्या डावीकडे चढताना दिसले पाहिजेत. हा झाला डायमर, म्हणजे दोन रेणूंची जोडी.

आता खरी अडचण. दोन डायमर शेजारी ठेवून टेट्रामर, म्हणजे चार रेणूंचा गट, करताना बहुतेक जण लाल टोके एकाच बाजूला ठेवतात, कारण हाताला तसेच सोपे वाटते. पहिल्या वर्षी मीही तेच केले होते. प्रदर्शनात एका आठवीतल्या मुलीने "सर, याचे पुढचे टोक कोणते?" असे विचारले, मी निळे टोक दाखवले, आणि तिच्या वहीत चुकीचे उत्तर माझ्यामुळे उतरले. मध्यम तंतूला पुढचे-मागचे टोक नसतेच. ॲक्टिनला आणि सूक्ष्मनलिकेला दिशा असते, याला नाही, आणि त्याचे कारण नेमके याच पायरीत आहे.

म्हणून दुसरा डायमर उलटा फिरवावा आणि तेवढ्यावर न थांबता सरकवावा. दोघांचे लाल अर्धे भाग सुमारे 30 सेंटिमीटर एकमेकांशेजारी यावेत आणि निळी टोके दोन्हीकडे सुमारे 15 सेंटिमीटर मोकळी राहावीत. एकूण लांबी साधारण 60 सेंटिमीटर भरते. न सरकवता नुसते उलटे करून टोके जुळवली तर लांबी 46 च राहते आणि पुढच्या जोडणीला धरायला काहीच उरत नाही. बांधण्याआधी जोडी टोकाकडून टोकाकडे फिरवून पाहावी. ती आधीसारखीच दिसली नाही, तर सोडून पुन्हा करावी. गाठ मारल्यावर सुधारू म्हणणाऱ्यांची आठही टेट्रामर पुन्हा सोडावी लागलेली मी पाहिली आहेत.

आठ टेट्रामर वर्तमानपत्राच्या गुंडाळीभोवती सैल बांधून सुमारे 17 सेंटिमीटर जाडीचा जुडगा करावा. आणखी 32 तुकड्यांचा असाच दुसरा जुडगा करून दोघांची मोकळी निळी टोके एकमेकांत घुसवावीत. पेशीत या जोडणीला एटीपी किंवा जीटीपी हे ऊर्जा पुरवणारे रेणू लागत नाहीत. गुंडाळ्या काढून 11 सेंटिमीटरपर्यंत आवळावे. खरा तंतूही लांबी धरल्यावरच असा आत आक्रसतो.

केराटिन, म्हणजे त्वचेतला मध्यम तंतू, करायचा असेल तर प्रत्येक डायमरमध्ये दोन वेगळ्या रंगांची दोरी घ्यावी, कारण तिथे एक आम्लधर्मी आणि एक अल्कधर्मी प्रथिन अशीच जोडी जमते. त्वचेच्या तळच्या थरात ती केराटिन 5 आणि 14 ची असते, आणि त्यांपैकी एकातही जनुकीय दोष आला तर साध्या घासण्यानेही कातडीवर फोड येऊ शकतात.