कुत्र्या-मांजरांचे जंत आणि आपले डोळे: घरी काय काळजी घ्याल?

पिल्लू घरी आणताच पहिलं काम जंताच्या औषधाचं. ते गुटगुटीत दिसतंय, शी नीट होतेय, म्हणून थांबू नका. टॉक्सोकारा नावाचा गोलकृमी कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांमध्ये जन्माआधीच पोहोचतो आणि नंतर दुधातूनही जातो. मांजरीच्या पिल्लांना तो दुधातून मिळतो. म्हणून कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी औषध देतात, आणि त्याच वेळी आईलाही. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्याकडूनच घ्या. दुसऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेलं औषध आपल्या कुत्र्याला चालेलच असं नाही. कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींना आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या मोठ्या मात्रेने विषबाधा होते.

यानंतर रोजचं काम: शी त्याच दिवशी उचलणं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. ताज्या विष्ठेतल्या जंताच्या अंड्यांपासून लागण होत नाही. आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात विष्ठा उचलली तर प्रश्न तिथेच मिटतो. राहिली, तर ती अंडी मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. मुलं वाळूत खेळत असतील तर खेळ संपल्यावर वाळू झाकून ठेवा, मांजरं तिथेच शी करतात.

माती हाताळल्यावर, बागकाम झाल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात चोळून धुवा. अंड्यांचं कवच चिवट असतं, सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका.

आता डोळ्यांबद्दल. तोंडावाटे गेलेल्या अंड्यातली अळी आतड्यातून रक्तात शिरते आणि क्वचित डोळ्यात जाऊन अडकते. बहुतेक वेळा एकाच डोळ्यात. दुखत नाही, त्यामुळे लहान मूल तक्रारही करत नाही. एकेक डोळा झाकून त्याला लांबचं चित्र ओळखायला सांगा. एका डोळ्याने अंधुक दिसत असेल, डोळा तिरळा होऊ लागला असेल किंवा बाहुलीत पांढरट झाक दिसत असेल, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. पांढरी झाक डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असते, तेव्हा वाट पाहणं परवडणारं नाही. घरात पिल्लू आहे, मूल मातीत खेळतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही, कारण माणसाच्या शरीरात हा जंत पूर्ण वाढून अंडी घालत नाही. उपचारात सूज आवरण्यासाठी स्टेरॉइड देतात, कधी शस्त्रक्रियाही लागते. गेलेली दृष्टी मात्र परत येईलच असं नसतं.

कुत्र्याच्या डोळ्यातून सतत पाणी, चिपडं येत असतील, तर खालची पापणी हलकेच ओढून पाहा. पांढरा, दोऱ्यासारखा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा जंत वळवळताना दिसला, तर तो बहुधा थेलाझिया. हा वेगळाच जंत. अश्रूंवर बसणाऱ्या माश्या त्याला एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात नेतात, कधी माणसाच्याही. नुसतं कुत्र्याला कुरवाळल्याने तो लागत नाही. चिमट्याने ओढू नका आणि घरातले कुठलेही ड्रॉप्स घालू नका. पशुवैद्य डोळा बधिर करून तो सहज काढतात.