ट्रॉफीवाल्याच्या लेझरवर बोट वाकलेलं ओळखणारा सेन्सर कसा बनवायचा

फ्लेक्झिबल इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे वाकणारी सर्किटं, म्हटलं की लोकांना वाटतं धूळमुक्त क्लीनरूम पाहिजे, महागड्या मशिनी पाहिजेत. पण लेझर इंड्यूस्ड ग्राफीन नावाचा प्रकार अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेटा आणि ट्रॉफ्या कापणाऱ्या दुकानातसुद्धा होतो. २०१४ साली अमेरिकेतल्या राईस युनिव्हर्सिटीत जेम्स टूर यांच्या ग्रुपने दाखवलं की पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकवर साधा सीओटू लेझर (अशा दुकानात असतो तोच) फिरवला की वरचा थर काळा, सच्छिद्र ग्राफीन, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार, होतो आणि त्यातून करंट जातो. तीच काळी रेघ वाकवली तर सेन्सर, करंट सोडला तर हीटर. नंतर त्याच ग्रुपने नारळावर आणि टोस्टवरही हे करून दाखवलं, कोकणातल्यांनी नोंद घ्या.

पॉलिइमाइड म्हणजे मोबाइल रिपेअरवाल्याकडची ती पिवळट कॅप्टॉन टेप. पण टेप पातळ असते, लेझरखाली गुंडाळते, म्हणून जमलं तर १२५ मायक्रॉनची शीटच घ्या. माझा पहिला रोल स्वस्तातला, निघाला पॉलिएस्टरचा, काळं व्हायच्या ऐवजी सरळ भोकं पडली आणि दुकानवाला म्हणाला, "भाऊ, नक्की जाळायचंय का कापायचंय?" आणि हो, पीव्हीसी चुकूनही लेझरखाली ठेवू नका, विषारी गॅस निघतो. एक्झॉस्ट चालू पाहिजेच.

डिझाइन सोपं, १ मिमी रुंदीचा यू, एकूण लांबी ६० मिमी, म्हणजे दोन्ही वायरी एकाच बाजूला येतात. मशीन एन्ग्रेव्हिंग (कोरायच्या) मोडला टाका आणि फोकस मुद्दाम १-२ मिमी बिघडवा, हीच खरी गोम आहे, कारण ठिपका मोठा झाला की प्रत्येक जागा परत परत भाजली जाते आणि रेघ सलग येते. पॉवर प्रत्येक मशीनची वेगळी, म्हणून आधी कोपऱ्यात छोटे चौकोन मारून बघा. तपकिरी राहिलं तर कमी पडलं, मखमलीसारखं काळं आलं तर बरोबर, बोट लावल्यावर भुगा उडाला तर जास्त झालं. मल्टीमीटर लावा, माझ्या पट्ट्या दीड-दोन हजार ओहमच्या आसपास येतात.

यावर सोल्डर चिकटत नाही, उगाच प्रयत्न करू नका. वायर आधी कॉपर टेपला सोल्डर करा, मग ती टेप टोकाशी चिकटवा आणि दोन्हीवर सिल्व्हर पेंटचा थेंब.

वरून झाकण म्हणून पातळ टेपच लावा, इथे बरेच जण फसतात. शीट वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, जाडीच्या मधोमध काहीच होत नाही. १२५ मायक्रॉनची शीट ५ मिमी त्रिज्येत वाकवली तर बाहेरचा ताण सव्वा टक्का, पण तेवढीच जाड शीट वरून चिकटवली की आपली रेघ मधोमध येते आणि सिग्नल गायब! सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते कॉपर खातं.

मग पट्टीला २.२ किलो ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, दोघांच्या मधला पॉइंट आर्डुइनोच्या (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डच्या) ए० पिनला, आणि ग्लोव्हच्या बोटावर पट्टी शिवून टाका, रेघ बाहेरच्या बाजूला. बोट वाकवलं की रेझिस्टन्स वाढतो. सरळ केल्यावर आकडा लगेच जुन्या जागी येत नाही, थोडा सरकलेला राहतो, म्हणून कोडमध्ये सुरुवातीलाच बोट सरळ ठेवून झिरो घ्या आणि मधूनमधून परत घ्या.