लिंक नको, जागा सांगा: सध्या काय ऐकताय ते दुसऱ्याला कसं सांगायचं

आमचा आठ-नऊ जणांचा ग्रुप आहे, शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचा, कुणी पुण्यात, कुणी बेळगावला, एक काका फोंड्याला आणि एक ताई गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीत, आणि दर रविवारी सकाळी आम्ही एकमेकांना सांगतो की सध्या काय ऐकतोय. पहिलं वर्षभर काय व्हायचं, मी अमीर खाँसाहेबांच्या मारवा रागाची लिंक टाकायचो, खाली लिहायचो "अप्रतिम, नक्की ऐका", सगळे हात जोडलेले इमोजी टाकायचे आणि ऐकायचं कुणीच नाही. मला ते फार लागायचं, कारण त्या मारव्याने माझ्या किती संध्याकाळी सावरल्यात ते माझं मलाच माहीत. मग एका रविवारी फोंड्याच्या काकांचा मेसेज आला, त्यात लिंकच नव्हती, एवढंच की फैयाज खाँसाहेबांचा ललत, "तडपत हूं जैसे जल बिन मीन", जुनी तीन मिनिटांची तबकडी, त्यात दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र, एकाला एक कसे लागून येतात ते बघा, मी सकाळपासून चारदा ऐकलंय. अर्ध्या तासात सगळ्यांनी शोधून ऐकलं होतं आणि दुपारपर्यंत त्याच्यावरच बोलणं चाललं होतं. फरक कशाने पडला ते मला त्या दिवशी कळलं, काकांनी जागा सांगितली होती, म्हणजे गाण्यात नेमकं कुठे काय ऐकायचं ते. तेव्हापासून जे जमत गेलं ते इथे लिहितोय, ज्यांना आपलं आवडतं रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायचंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी, एका वेळी एकच पाठवा. पाच लिंक पाठवल्या की समोरचा एकही उघडत नाही, हे अनुभवाने सांगतो. आणि पाठवायच्या आधी स्वतः निदान तीनदा ऐका, पहिल्यांदा ऐकल्यावर आपण भारावलेलो असतो, दुसऱ्यांदा कळतं की नक्की कशाने भारावलो आणि तिसऱ्यांदा ते सांगायला शब्द सापडतात.

मग रेकॉर्डिंगचा पत्ता लिहा. पत्ता म्हणजे कलाकार, राग, बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द, ताल, किती मिनिटांचं आहे, आणि कुठलं आहे, म्हणजे ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची, जुनी) तबकडी, एलपी (नंतरची मोठी तबकडी), रेडिओ की मैफल. साथीला कोण आहे हे माहीत असेल तर तेही लिहा, तबलजी आणि पेटीवाल्याचं नाव गाळणं बरं नाही, निम्मी मैफल त्यांनी उचललेली असते. हे सगळं कशाला तर एकाच कलाकाराचा एकच राग चार-चार ठिकाणी असतो. अमीर खाँसाहेबांचा मारवा म्हटलं तर कुठला, एलपीवरचा ज्याच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे तो, की कुणाच्या घरच्या मैफलीतला? एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच मावतात त्यामुळे तिथे बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, आटोपशीर असते, मैफलीत तोच राग तासभर चालू शकतो, दोन्ही गाणी वेगळीच म्हणायची.

यातलं सगळ्यात उपयोगी काय असेल तर बंदिशीचे शब्द. रागाचं नाव अपलोड करणारे सर्रास चुकवतात, भूपाला देसकार आणि देसकाराला भूप लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय, पण शब्द सहसा चुकत नाहीत. किशोरीताई आमोणकरांचा भूप हवा असेल तर नुसतं किशोरी भूप शोधण्यापेक्षा "प्रथम सूर साधे" किंवा "सहेला रे" शोधा, लगेच सापडतो. देवनागरीत नाही सापडलं तर रोमन अक्षरांत दोन-तीन प्रकारे लिहून बघा.

पत्ता सांगायची ही पद्धत काही नवी नाही हं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या झाल्या तेव्हा गाणं संपता संपता त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या, माय नेम इज गौहर जान, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कळायला हवं ना कुणाचं गाणं कुठलं ते. आकाशवाणीवरही निवेदक आधी कलाकार, राग, बंदिश आणि साथीदार सांगतात. ते ऐकत ऐकतच आपण मोठे झालो, पण स्वतः पाठवताना मात्र नुसती लिंक टाकतो.

आता मुख्य गोष्ट, जागा. गाण्यातली जागा म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको, "काय जागा घेतली" असं आपण मैफलीत बसून म्हणतोच की. तेच लिहायचं. साधारण कितव्या मिनिटाला आहे ते सांगा, पण नुसत्या मिनिटावर राहू नका कारण एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या अपलोडमध्ये सुरुवातीची घोषणा किंवा तानपुरा कमीजास्त कापलेला असतो आणि मिनिटं सरकतात, म्हणून सोबत खूण द्या, कुठल्या शब्दावर, अंतऱ्याच्या आधी की नंतर, द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू व्हायच्या किती आधी. आणि तिथे काय होतं ते साध्या भाषेत लिहा. रागाचं व्याकरण आलं पाहिजे असं अजिबात नाही, आमच्यातल्या एकीला रागांची नावंसुद्धा नीट माहीत नाहीत पण ती लिहिते "इथे आवाज जिना उतरतोय आणि शेवटच्या पायरीवर थांबतच नाही", आणि आम्हाला नेमकं कळतं कुठे ते.

माझा मारव्याचा मेसेज मी नंतर पुन्हा लिहिला, तो असा होता: "अमीर खाँ, मारवा, एलपीवरचा, विलंबित 'पिया मोरे', ताल झुमरा, चौदा मात्रांचा आणि अगदी संथ. मारव्यात सगळा भार कोमल रिषभ आणि धैवतावर असतो, षड्ज, म्हणजे सा, सारखा टाळत राहतात, त्यामुळे आपण घर सोडून कुठेतरी लांब उभे आहोत असं वाटत राहतं. पहिली सहा-सात मिनिटं बाकी कशाकडे लक्ष देऊ नका, फक्त एवढंच बघा की ते षड्जावर कधी येतात आणि आल्यावर तुमच्या श्वासाचं काय होतं. दिवेलागणीला ऐका." त्या दिवशी सहा जणांनी ऐकलं. गाणं तेच होतं, वर्षभर पाठवत होतो तेच.

दिवेलागणीला ऐका हे मुद्दाम लिहिलं होतं, वेळेचा फार फरक पडतो. ललत पहाटेचा, मारवा मावळतीचा, आणि दुपारच्या जेवणानंतर कुणी मारवा लावला तर तो कंटाळवाणा वाटणारच. न्यू जर्सीच्या ताईंचा घोळ व्हायचा, आमच्या रविवारी पहाटे सहाला पाठवलेला ललत त्यांना शनिवारी रात्री मिळतो, मग आता ठरलंय की मेसेजमध्येच वेळ लिहायची आणि ताई तो जपून ठेवून आपल्या सकाळी लावतात.

कुणाला काय पाठवायचं याचाही विचार करा. जो नुकताच ऐकायला लागलाय त्याला मन्सूरअण्णांचा, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूरांचा, शिवमत भैरव पहिल्याच दिवशी पाठवू नका, मला तो जीव की प्राण आहे पण अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागाची गोडी कळायला आधी चार ओळखीचे राग कानात बसलेले लागतात. अशा माणसासाठी ७८च्या तबकड्या सोन्यासारख्या आहेत, तीन-साडेतीन मिनिटांत सगळं सांगायचं असल्यामुळे एकही सूर वाया घालवलेला नसतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली "पिया बिन नाही आवत चैन" पाठवा, तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी थोडी वेगळी दुखते. नाहीतर केसरबाई केरकरांची भैरवी "जात कहां हो", गोव्यातल्या केरी गावची ही बाई, आणि तिचा हा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला. माझ्या भाचीला एवढं सांगितल्यावर तिने लगेच लावली, आणि नंतर नुसत्या आवाजासाठी परत लावली.

एक तपासणी मात्र पाठवायच्या आधी कराच, ती म्हणजे पट्टीची, गाणारा पेटीच्या कुठल्या सुराला षड्ज धरतो त्याची. जुन्या तबकड्या आणि कॅसेट डिजिटल करताना वेग चुकलेला असतो. ७८ ऐवजी तबकडी मिनिटाला ८२-८३ फेऱ्यांनी फिरवली की सगळं गाणं अर्धा स्वर वर जातं, पांढरी एकवर गाणारा काळी एकवर ऐकू येतो, आवाज पातळ होतो आणि ताना उगाचच जलद वाटतात. नवीन ऐकणाऱ्याला वाटतं या कलाकाराचा आवाज असाच चिरका होता, आणि हा त्या कलाकारावर अन्याय आहे, मला याचं खरंच वाईट वाटतं. तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, षड्ज जुळवून पट्टी बघा आणि त्याच कलाकाराच्या दुसऱ्या दोन-तीन रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. जिथे षड्ज दोन पट्ट्यांच्या अधेमधेच लटकतो तिथे वेगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पक्का पुरावा नव्हे कारण तानपुरा काही पेटीच्या पट्टीला बांधलेला नसतो. आणि घाईने निकाल देऊ नका, अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि बारीक, तो काही वेगाचा दोष नाही. दोन अपलोड असतील तर ज्यात तबल्याचा बाया, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, भरीव लागतो आणि खरखर पुसायच्या नादात आवाजाचा जीव गेलेला नाही तो पाठवा. थोडी खरखर चालते, कान दोन मिनिटांत तिला विसरतो.

ऐकणाऱ्यालाही एक सांगा, फोनच्या स्पीकरवर नको. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचे सूर, येतच नाही, बाया आणि तानपुऱ्याचा खालचा षड्ज दोन्ही गायब, आणि मग खर्जातली आलापी म्हणजे नुसती पुटपुट वाटते. साधे वायरवाले इयरफोन पुरतात.

आणि उत्तर कसं द्यायचं तेही आलं यात. कुणी पाठवलं आणि तुम्ही ऐकलं तर वा वा लिहून सोडू नका, तुम्ही कुठे थांबलात ते लिहा. नाही भावलं तरी लिहा, कुठे सुटलं ते सांगितलं की समोरचा दुसरी जागा दाखवतो. फक्त घराण्यांची भांडणं नकोत, जयपूर मोठं की किराणा यावर दोन रविवार गेले आमचे आणि त्या दोन आठवड्यांत कुणी काहीच ऐकलं नाही.

शेवटी घरातल्या कॅसेटबद्दल. पुष्कळ जणांकडे वडिलांनी, काकांनी भरलेल्या मैफलींच्या कॅसेट कपाटात पडून असतात. कोकणात, गोव्यात पावसाळी हवेत त्यांना बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसले तर लगेच प्लेअरमध्ये घालू नका, टेप तुटते आणि प्लेअरचं हेडही खराब होतं, जाणकाराकडून साफ करून घ्या. ठीक दिसत असेल तर आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या आणि मगच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवा. उतरवताना मधलं काहीही कापू नका, टाळ्या, तानपुरा जुळवणं, मागून कुणीतरी दिलेली दाद, सगळं राहू द्या, मैफल कुठली कधीची हे पुष्कळदा त्यातूनच कळतं. कव्हरवर जे काही खरडलेलं असेल त्याचा फोटो काढून ठेवा. आणि खाजगी मैफल असेल तर पुढे पाठवण्याआधी कलाकाराच्या घरच्यांना विचारा.

बेळगावच्या मित्राकडे अशीच एक कॅसेट निघाली, कव्हरवर निळ्या शाईत एवढंच, "तिसरी रात्र, शेवटचं". बाईंचा आवाज आहे, काळी चारच्या आसपास, बिहाग आहे याबद्दल आमच्यात दुमत नाही, आणि अंतऱ्याला जाताना त्या तीव्र मध्यमाला इतका अलगद हात लावतात की पहिल्यांदा तो निसटूनच जातो. चौघांनी ऐकलंय, आवाज अजून ओळखता आलेला नाही. शेवटी टाळ्यांच्या आधी कुणीतरी काहीतरी बोलतं, एक-दोन शब्दच, ते या रविवारी आवाज वाढवून परत ऐकायचंय.