स्ट्रक्चरल ॲनालिसिस: आधी वाक, मग आकडेमोड

मोमेंट डिस्ट्रिब्यूशनच्या, म्हणजे बीम-फ्रेममधले वाकवणारे मोमेंट सांध्यांवर वाटत काढण्याच्या पद्धतीच्या, पायऱ्या तोंडपाठ होत्या. अडचण वेगळीच होती: तक्ता भरून उत्तर आलं तरी ते पटण्यासारखं आहे का, हे सांगता यायचं नाही. मग एका सीनियरच्या सांगण्यावरून प्लॅस्टिकची फूटपट्टी तीन खोडरबरांवर ठेवली आणि डावा गाळा (दोन आधारांमधला भाग) बोटाने दाबला. उजवं टोक चक्क वर उचललं गेलं!

आता तेच गणितात बघा. ए-बी-सी सलग बीम, दोन्ही गाळे ६ मीटर, ईआय (वाकण्याला होणारा विरोध) सारखा, टोकं साधी टेकलेली. २० किलोन्यूटन प्रतिमीटर भार फक्त एबीवर. ए टोक मोकळं धरलं की बी-पाशी फिक्स्ड एंड मोमेंट (सांधा फिरू न देता धरल्यावर येणारा) ९० किलोन्यूटन-मीटर. दोन्ही बाजूंचा ताठरपणा ३ईआय/एल (एल म्हणजे गाळ्याची लांबी), म्हणजे निम्मं-निम्मं वाटप: बी-वर ४५ किलोन्यूटन-मीटर, तेही हॉगिंग (बीमला वर फुगवणारा). एका ओळीत काम खल्लास. ४ईआय/एल घेऊन बसलात तर कॅरी-ओव्हरची (वाटलेल्या मोमेंटचा निम्मा भाग दुसऱ्या टोकाला नेण्याची) रांग संपता संपत नाही.

आधारांच्या रिॲक्शन येतात ए-ला ५२.५, बी-ला ७५ आणि सी-ला उणे ७.५ किलोन्यूटन, म्हणजे तिथे आधाराने खाली ओढून धरायचं. हे उणे बघून पूर्वी सगळं खोडलं असतं. पण बेरीज १२० भरते, एकूण भाराइतकीच, आणि पट्टीचं टोक उचललेलं डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हापासून वाकलेला आकार पेन्सिलीने आधी काढतो, तक्ता नंतर. बाजूला सरकणाऱ्या पोर्टल फ्रेमला (दोन खांब आणि वर आडवा बीम) मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे स्वे, म्हणजे ते बाजूला सरकणं, वेगळा धरून दुसरा तक्ता मांडावाच लागतो.